शाळेमागचा नाला उन्हाळ्यात का वाहतो? पोरांकडून आपल्या भागातला पर्यावरणाचा तपास कसा करून घ्यायचा

अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा विषय आला की प्रोजेक्टच्या वह्या येतात आणि त्यातल्या निम्म्या वह्यांचं नाव "पंचगंगा नदीचे प्रदूषण : कारणे, परिणाम व उपाय" असतं. आत नेटवरचे फोटो, शेवटी झाडे लावा झाडे जगवा. पोरांचा यात दोष नाही, आपण विषयच असा देतो की ज्याचं उत्तर त्यांना आधीच पाठ आहे, मग ती नदीवर कशाला जातील. हे पुढचं सगळं लिहितोय ते आपल्या कोल्हापूर भागातल्या शिक्षकांसाठी, आणि क्लब किंवा तरुण मंडळातर्फे पोरांना घेऊन काहीतरी करायची इच्छा असलेल्यांसाठी. खर्च फार नाही, वेळ मात्र लागतो, एका सत्रात जेमतेम बसतं.

आधी प्रश्न, मग बाकी सगळं

माझा एकच नियम आहे, प्रश्नाचं उत्तर पोरांना माहीत नसलं पाहिजे आणि सरांना पण माहीत नसलं पाहिजे. "प्लास्टिक वाईट आहे का" हा प्रश्नच नव्हे. "आपल्या शाळेमागचा नाला एप्रिलमध्ये, महिनाभर पाऊस नसताना, कशामुळं वाहतोय आणि त्यातून दिवसाला किती पाणी जातंय" हा प्रश्न. पाऊस नाही, झरा नाही, तरी पाणी आहे म्हणजे ते कुठल्यातरी घरातनं, हॉटेलातनं, वर्कशॉपमधनं येतंय, आणि ते चालत जाऊन शोधता येतं.

आपल्याकडं असे प्रश्न पायलीला पन्नास आहेत. रंकाळा तलावाच्या कुठल्या काठाला केंदाळ आणि हिरवा तवंग आधी दिसतो, आणि त्या काठाला कुठला नाला येऊन मिळतो? कपिलतीर्थ मंडईत संध्याकाळी उरलेला भाजीपाला कुठं जातो? आपल्या गल्लीत टिपर, म्हणजे कचऱ्याची गाडी, किती वाजता येतो, आणि ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी कचरा कुठल्या कोपऱ्यावर पडतो? साखर कारखान्याजवळच्या गावात हंगाम सुरू झाला की गच्चीवरच्या कपड्यांवर काजळी पडते, ती कुठल्या घरापर्यंत पडते? शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या बाजूला राहत असाल तर रस्त्याकडेला टाकलेली फाउंड्रीची काळी वाळू किती ठिकाणी आहे?

प्रश्न पक्का करायच्या आधी बघायचं, तिथं पोरांना चालत किंवा सायकलनं जाता येतं का, काहीतरी मोजता किंवा नोंदवता येतं का, आणि दोन जागांची किंवा दोन वेळांची तुलना होते का. तुलना नसली की सगळं फसतं. नाल्याचं पाणी काळं आहे एवढं म्हणून उपयोग नाही, वरच्या अंगाला कसं आहे आणि खालच्या अंगाला कसं, हे आलं की खरी चर्चा सुरू होते.

वेळेचा पण विचार करा. जूनला शाळा सुरू झाली म्हणून जूनलाच पाण्याचा प्रोजेक्ट काढू नका, पावसात सगळं पातळ होतं आणि नाल्याजवळ जाणं धोक्याचं. पावसाळ्यात कचरा, आवाज, पूर हे विषय घ्या. नदीनाल्याचं मोजमाप दिवाळीनंतर सुरू करा, तेव्हा कारखान्यांचे हंगाम सुरू होतात आणि नदी आटायला लागते. फेब्रुवारी-मार्चचे आकडे सगळ्यात बोलके असतात पण तेव्हा परीक्षा येतात, त्यामुळं नववी आणि अकरावीची पोरं घ्या, दहावी-बारावीला ओढू नका, पालक फोनवर फोन करतील.

चालत जाऊन नकाशा काढा

पहिली फेरी काहीही न मोजता करायची. ड्रॉइंग शीटवर शाळेपासून नाला हातानं काढायचा, कुठं पूल, कुठं पाईप येऊन पडतोय, कुठं उकिरडा, कुठं म्हशी धुतात, कुठं कपडे धुतात. मोबाईलवरचा नकाशा नंतर उघडायचा, आधी नाही, कारण तो उघडला की पोरं स्क्रीनकडं बघत चालतात. नंतर गुगल अर्थवर जुन्या वर्षांचे उपग्रह फोटो दाखवा, तोच ओढा काही वर्षांपूर्वी किती रुंद होता आणि आता घरांमधनं कसा चिंचोळा झालाय ते दिसलं की वर्गात एकदम शांतता होते.

शहरातल्या शाळांना जयंती नाला सोन्याची खाण आहे. जुनी माणसं त्याला जयंती नदीच म्हणतात. कळंब्याच्या बाजूनं येतो, भर शहरातनं जातो आणि पंचगंगेला मिळतो. त्यातलं सांडपाणी जयंती पंपिंग स्टेशनला अडवून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडं उपसलं जातं, त्या केंद्राची क्षमता ७६ एमएलडी, म्हणजे दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर. दुधाळी नाल्यासाठी १७ एमएलडीचं वेगळं केंद्र आहे. आता पोरांना विचारा, वीज गेली तर काय होत असेल? मोठा पाऊस झाला तर? रंकाळ्याला फिरायला जाणाऱ्या पोरांना हे कधी सुचलेलं नसतं की आपल्या बाथरूममधलं पाणी पंपानं बावड्याला जातं.

सुरक्षेचं आत्ताच सांगतो. नाल्यात कुणीही उतरायचं नाही, शिक्षक पण नाही. नमुना पुलावरनं दोरीला बादली बांधून घ्यायचा. रबरी हातमोजे, पायात बंद बूट, हाताला जखम असलेल्या पोरानं त्या दिवशी फक्त नोंदी लिहायच्या, कारण लेप्टोचा (घाण पाण्यातनं होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस आजाराचा) धोका जखमेतनं असतो. गट पाच-सहा जणांचा, सोबत दोन मोठी माणसं, पालकांची लेखी संमती आणि मुख्याध्यापकांची सही. कारखान्याच्या आवारात परवानगीशिवाय पाऊल नाही, बाहेरच्या रस्त्यावरनं जेवढं दिसतं तेवढंच. आणि पंचगंगेला पाणी चढतंय अशा दिवशी तर नाहीच.

वहीत तीन रकाने

दिसलं, मोजलं, वाटलं. प्रत्येक पानावर हे तीन रकाने आखून घ्या. "पाईपातनं फेसाळ पाणी येत होतं" हे दिसलं. "पीएच ८.५" हे मोजलं. "लाँड्रीचं पाणी असावं" हे वाटलं. पोरं सुरुवातीला सगळं तिसऱ्या रकान्यातलं पहिल्यात लिहितात, "कारखान्याचं विषारी पाणी दिसलं" असं, मग शांतपणे विचारायचं, विष दिसलं का रे तुला, कसं दिसलं? दोन-तीन फेऱ्यांत वळण लागतं. मला विचाराल तर अख्ख्या प्रोजेक्टमधनं पोरांनी एवढं जरी घेतलं तरी बास. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, जागा आणि आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला का, हे पाहिजेच.

पाणी मोजताना

आधी किती पाणी वाहतंय ते, कारण हे कुठल्याही उपकरणाशिवाय होतं आणि गणिताचे सर पण खूश होतात. नाल्याचा सरळ असा १० मीटरचा तुकडा बघा, वरच्या टोकाला लिंबू किंवा संत्रं सोडा, खालच्या टोकाला पोचायला किती सेकंद लागले ते मोजा, असं चार-पाच वेळा करून सरासरी काढा. रुंदी टेपनं, खोली पुलावरनं खुणा केलेला बांबू सोडून तीन-चार ठिकाणी. समजा रुंदी २ मीटर, सरासरी खोली २५ सेंटीमीटर, आणि लिंबाला २५ सेकंद लागले म्हणजे वेग ०.४ मीटर सेकंदाला. २ गुणिले ०.२५ गुणिले ०.४ म्हणजे ०.२ घनमीटर, २०० लिटर सेकंदाला. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात पळतं म्हणून ०.८५ नं गुणायचं, १७० लिटर. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे साधारण १ कोटी ४७ लाख लिटर. एवढासा नाला आणि एवढा आकडा, पोरं तोंडात बोट घालतात. पण सकाळी सातला आणि दुपारी दोनला मोजलं तर वेगळं येणार, लोक आंघोळी-धुणी सकाळी करतात, म्हणून दोन्ही वेळा मोजा आणि दिवसाचा आकडा हा अंदाज आहे असं स्पष्ट लिहा.

मग पाणी कसं आहे ते. रंग, वास, तापमान, पीएच पेपर. गढूळपणासाठी पत्र्याची किंवा प्लास्टिकची चकती घेऊन तिचे चार भाग एकाआड एक काळे-पांढरे रंगवायचे, मधे वजन बांधायचं, दोरीला दर १० सेंटीमीटरला गाठ. पाण्यात सोडत जायचं, चकती दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. रंकाळ्यावर, कळंबा तलावावर काठावरच्या पायऱ्यांवरनं हे मस्त जमतं.

टीडीएस मीटरबद्दल जरा सविस्तर बोलायला पाहिजे. ऑनलाईन काही शे रुपयांत मिळतो म्हणून सगळे तोच घेतात आणि आकडा कमी आला की "पाणी शुद्ध" असं लिहून मोकळे होतात. अहो, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. जंतू त्यात मोजलेच जात नाहीत. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली होती हे इकडच्या बऱ्याच घरांत अजून लक्षात आहे, तसल्या साथीतलं पाणी टीडीएस मीटरवर एकदम झकास दिसू शकतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा ५०० मिलिग्रॅम लिटरला, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पण त्याच मानकात १०० मिलीलिटरमध्ये ई-कोलाय एकही नको असं पण आहे, आणि ते कुणी वाचत नाही. त्यासाठी एचटूएस बाटली वापरा, ग्रामपंचायती वापरतात तीच. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायची, काळी पडली की पाण्यात मैलापाण्यातले जंतू असण्याची दाट शक्यता. ही बाटली नाल्याच्या पाण्याला वापरून वाया घालवू नका, तिथं काळी होणारच आहे. विहीर, बोअर, शाळेची टाकी इथं वापरा. काम झालं की आत ब्लिचिंग पावडर टाकूनच ओतायची, आणि ते पोरांनी नाही, आपण.

विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, हा खरा आकडा. सांडपाण्यातलं सेंद्रिय खाताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, तो ४-५ मिलिग्रॅमच्या खाली उतरला की मासे अडचणीत येतात. अंघोळीच्या पाण्याच्या निकषात डीओ किमान ५ आणि बीओडी, म्हणजे ते सेंद्रिय खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, ३ किंवा कमी लागतो. शाळेत हे जमत नाही, जवळच्या सीनियर कॉलेजच्या केमिस्ट्री विभागाशी किंवा शिवाजी विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागाशी बोला, एमएस्सीच्या पोरांना पण प्रोजेक्टला विषय पाहिजेच असतो. डीओच्या बाटलीतलं पहिलं रसायन जागेवरच घालावं लागतं, नमुना घरी ठेवून दुसऱ्या दिवशी नेला तर आकड्याला काही अर्थ नाही.

यात एक गंमत आहे. शेवाळानं हिरव्या झालेल्या तळ्यात दुपारी बाराला डीओ भरपूर येतो, कारण शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, आणि पहाटे तोच तळाला गेलेला असतो कारण रात्रभर सगळे श्वास घेतात. दुपारी जाऊन "रंकाळा एकदम छान" असा निष्कर्ष निघू शकतो. मासे मेल्याची बातमी सकाळीच का येते, हे पोरांना इथं आपोआप कळतं.

आणि नदीकाठच्या गावातल्या शाळांनी बंधारा बघितलाच पाहिजे. केटी बंधारा म्हणजे कोल्हापूर टाईप बंधारा, आपल्याच जिल्ह्याच्या नावाचा, राज्यभर गेलेला. बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या, घातले की पाणी तुंबतं, काढले की वाहतं. उन्हाळ्यात बरगे घातलेले असताना वरनं येणारं सांडपाणी त्याच साठ्यात मुरत राहतं, शिरोळच्या बाजूला तेरवाड बंधाऱ्यावर मासे मेल्याच्या बातम्या येतात त्या वाचताना तारखेसोबत बरगे होते का नव्हते, आदल्या आठवड्यात वरनं पाणी सोडलं होतं का, हे विचारायला शिकवा. नुसतं "कारखान्यानं सोडलं" म्हणणं सोपं आहे, आणि कधी कधी ते खरं पण असतं, पण मग ते दाखवून द्यावं लागतं.

आवाज, कचरा, पूर

आवाज म्हटलं की आपल्याकडं डॉल्बी. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. मोबाईल ॲपचा आकडा कायद्यात टिकत नाही, पण एकाच मोबाईलनं, त्याच अंतरावरनं, साध्या दिवशी आणि मिरवणुकीच्या दिवशी मोजला तर तुलनेला चालतो. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा १० पट, हे सांगितलं नाही तर पोरांना ८५ आणि ९५ सारखेच वाटतात. स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहून मोजायला पाठवू नका, कान त्यांचेच आहेत.

कचऱ्याचं सोपं आहे, एका गल्लीचा आठवडा घ्या, ओला-सुका-सॅनिटरी वेगळा दिला जातो का आणि टिपरमध्ये गेल्यावर तो वेगळाच राहतो का एवढं बघा. दुसऱ्या अर्ध्यातच खरी गोष्ट असते. पुढं लाईन बाजारच्या झूम कचरा प्रकल्पापर्यंत परवानगी काढून जाता आलं तर उत्तम.

पुराचा विषय आपल्या पोरांसारखा दुसऱ्या कुणाला जमणार नाही. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी हे इथल्या शेंबड्या पोराला पण पाठ असतं. २००५, २०१९, २०२१ चं पाणी घराच्या भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं, ते जमिनीपासून टेपनं मोजायचं, घरोघरी, आणि नकाशावर मांडायचं. मग सरकारनं आखलेली निळी आणि लाल पूररेषा (पुराच्या पाण्याची हद्द) त्याच नकाशावर काढून बघायची. कुठं भिंतीवरची खूण रेषेच्या बाहेर निघते ते बघा, आणि दोन पुरांच्या मधल्या काळात तिथं काय बांधलं गेलं ते पण.

माणसांशी बोलायचं

"तुम्ही नदीत कचरा टाकता का" असं विचारलं तर कोण हो म्हणेल? "सण झाल्यावर निर्माल्य कुठं जातं", "ह्या ओढ्यात पूर्वी कुठले मासे मिळायचे", "म्हशी आधी कुठं धुवायचा" असं विचारायचं. म्हाताऱ्या माणसांना वर्ष विचारू नका, प्रसंग विचारा, थोरल्या लेकीच्या लग्नाआधी का नंतर, पुराच्या आधी का नंतर, मग वर्ष बरोबर निघतं. आजी, काका, मावशी म्हणून सुरुवात करायची, वही लगेच उघडायची नाही, आणि अहवालात कुणाचंही नाव घालायचं नाही. टिपरवाले, ड्रेनेजवाले कामगार, मासे धरणारे, ह्यांना जे माहीत असतं ते कुठल्याच अहवालात नसतं.

पोराचा बापच त्या धंद्यात असतो तेव्हा

हा भाग कुठल्याच पुस्तकात नसतो आणि आपल्याकडं हाच सगळ्यात अवघड. वर्गात एकाचे वडील फाउंड्रीत, एकाचे उसाचे शेतकरी, एकाच्या मामाचा डॉल्बी, इचलकरंजीकडं असाल तर निम्म्या वर्गाचं घर कापडावर चाललेलं. पोरानं घरी जाऊन सांगितलं की सर म्हणतात तुम्ही प्रदूषण करता, की दुसऱ्या दिवशी बाप शाळेत. आणि त्याचं पण बरोबर असतं.

म्हणून त्यांना आधीच बोलवा, पाहुणा म्हणून. फाउंड्रीतला माणूस येऊन सांगू दे की साच्याची वाळू पुन्हा पुन्हा वापरली जाते, पण त्यातली माती आणि चिकटवायचा माल जळत जातो, मग ती साच्याला धरत नाही आणि टाकावी लागते. ती टाकायला अधिकृत जागा किती लांब आहे, ट्रकला किती खर्च येतो, रस्त्याकडेला रात्री का पडते, हे प्रश्न पोरांनी विचारायचे. रेझिनची वाळू आणि साधी काळी वाळू यात फरक काय ते पण विचारायचं, कारण रेझिनवाल्या वाळूत फेनॉलसारखी रसायनं राहू शकतात.

उसाचंही तसंच. पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरलेला वाळका पाला, पेटवणारा शेतकरी काही हौसेनं पेटवत नाही, खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं फुटणाऱ्या पिकाला) पाणी द्यायचं असतं, पाचट गोळा करायला माणसं मिळत नाहीत, उंदरांचा त्रास असतो. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघतं, ते सरीत दाबून कुजवलं तर ओल टिकते आणि तण कमी येतं हे बऱ्याच जणांनी करून बघितलंय. मग पोरांनी एकाच शिवारातली दोन रानं घ्यावीत, एक पेटवलेलं आणि एक कुजवलेलं, पाण्याच्या पाळ्या किती दिवसांनी द्याव्या लागल्या ते मालकाला विचारून लिहावं. अशा प्रोजेक्टला बाप स्वतः मदत करतो.

तरी कुणी म्हणालंच की आमच्या कारखान्याचं नाव नको, तर नाव घालू नका. जागा अ, जागा ब असं लिहा. तपास शिकणं हे काम आहे, पोराला गावात वैरी करून ठेवणं नाही. गंभीर काही सापडलं तर ते मोठ्यांनी, रीतसर, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी द्यायचं.

सरकारी कागद

महापालिकेला दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढावा लागतो, तो मिळवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाईटवर नदीच्या ठरलेल्या ठिकाणांचे पाण्याचे आकडे असतात. पोरांचे आकडे त्याच्या शेजारी मांडायचे, जुळले नाहीत तरी घाबरायचं नाही, तारीख, वेळ, जागा वेगळी असते.

जे सापडत नाही त्याला माहिती अधिकार. अर्ज शिक्षक किंवा पालकाच्या नावानं, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराला ३० दिवस. "नाला का साफ होत नाही" असं विचारलं तर काही येत नाही, हा कायदा कागद देतो, कारणं देत नाही. "जानेवारी ते मार्च या कालावधीत अमुक पंपिंग स्टेशन किती तास बंद होतं त्याच्या लॉगबुकची प्रत" असं मागा. ३० दिवसांत काही आलं नाही तर पहिलं अपील, त्याला पुढचे ३० दिवस. हे सगळं सत्राच्या सुरुवातीलाच टाकून द्या, नाहीतर उत्तर निकालानंतर येतं.

मांडायचं कुठं

विज्ञान प्रदर्शनात मांडा, पण तिथंच थांबवू नका. गाव असेल तर ग्रामसभा, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली एक तारीख धरून सरपंचांना आधी भेटून या. शहरात वॉर्ड ऑफिस. पाच मिनिटं, एक नकाशा, एक तक्ता आणि एकच मागणी. दहा मागण्या नेल्या की "बघूया" म्हणतात. "ह्या दोन पाईपांचं कनेक्शन ड्रेनेजला जोडा" असं म्हटलं की साहेबांना तारीख तरी द्यावी लागते, ती तारीख पोरांसमोर वहीत लिहून घ्यायची.

बोलताना पोरांनी किती खात्रीनं बोलायचं ते आधी ठरवा. नमुने थोडे, उपकरणं साधी, म्हणून "सिद्ध झालं" हा शब्द बंद, "आम्हाला सहा वेळा असं आढळलं" चालेल.

आणि मूळ वही कुणालाही घरी न्यायला देऊ नका, झेरॉक्स द्या. मूळ वही शाळेच्या प्रयोगशाळेत, लिंबू जिथं सोडलं त्या जागांचे फोटो आणि पुलावरच्या खुणा चिकटवून, पुढच्या जूनला नवीन तुकडीकडं जाईल अशी ठेवा. साहेबांनी दिलेली तारीख पण त्याच पानावर राहू द्या, नवीन पोरं पहिल्या फेरीला त्या दोन पाईपांपाशीच जातील.